फिरता दांडा आणि थांबलेले तेल

आजच्या बहुतेक लहान मोटारींत गिअरबॉक्समधून दोन दांडे बाहेर येतात आणि पुढची चाके फिरवतात. दांडा फिरतो, पेटी जागची हलत नाही, म्हणून दोहोंच्या मध्ये फट ठेवावीच लागते. आणि पेटीत तर तेल असते. ही फट बुजवणारी, तळहातावर मावणारी कडी म्हणजे ड्राइव्हशाफ्टचे ऑइल सील. बाहेरून पत्र्याचे कडे, त्याला चिकटवलेले रबर, रबराची दांड्याला टेकणारी पातळ कडा आणि ती कडा दाबून धरण्यासाठी पाठीमागे टोकाला टोक जोडलेली बारीक स्प्रिंग, एवढाच त्याचा संसार. मेकॅनिक त्या कडेला लिप म्हणतात. लिप झिजली, कडक झाली किंवा चिरली की तेल दांड्यावरून झिरपू लागते, चाकाच्या आतल्या बाजूला काळे ओघळ दिसतात आणि गाडी रात्री जिथे उभी असते तिथे सकाळी डाग सापडतो.

जुने सील उपटून नवे ठोकण्याचे काम असंख्य गाडीमालकांनी आपापल्या दारात केले आहे. सील स्वतः अगदी स्वस्त असते. पण त्याच्यापर्यंत पोहोचायला चाक, हब, बॉल जॉइंट आणि सबंध दांडा सुटा करावा लागतो. नेहमी असे नव्हते. एके काळी फट बुजवणारी वस्तू वापरणाऱ्याच्याच हातची असे आणि तिच्यापर्यंत हातही सहज पोहोचत असे.

बैलगाडीच्या काळी वंगण बाहेर येणे हा दोष नव्हता, ती रीतच होती. तुंब्यातून, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यातून, कणा आरपार जाई. चाक अडवणारी खीळ, म्हणजे कुणी, काढायची, चाक थोडे बाहेर ओढायचे, वंगण भरायचे आणि चाक परत आत सारायचे. तेलात राख किंवा काजळी कालवून केलेले हे वंगण बांबूच्या नळ्यात भरून गाडीलाच टांगलेले असे. त्यातले थोडे बाहेर येई, धूळ शोषून घट्ट काळे होई, आणि तीच घट्ट कड आणखी धूळ आत जाऊ देत नसे. म्हणजे सील होतेच. ते वंगणाचेच असे आणि रोज नवे होई.

रेल्वेनेही आरंभी हाच हिशेब ठेवला. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गाडी निघाली त्या काळात डब्याच्या प्रत्येक आसाच्या टोकाला लोखंडी पेटी असे आणि तीत तेलाने भिजवलेली लोकर किंवा सुताचा चोथा कोंबलेला असे. आस त्या चोथ्यावर घासत फिरे आणि तेल उचली. पेटीच्या मागच्या तोंडाशी चामड्याची किंवा नमद्याची पट्टी असे, पण तिचे काम मुख्यतः धूळ अडवण्याचे. तेल थोडे जायचेच, हे गृहीत होते. ठरावीक ठिकाणी माणूस तेलाचे भांडे घेऊन गाडीच्या कडेने फिरे आणि पेट्या भरे. मुंबईत १८५० च्या दशकात कापडगिरण्या सुरू झाल्या, तेव्हा त्यांतल्या लांबलचक फिरत्या दांड्यांचीही अशीच व्यवस्था होती: वरून तेल घाला, खाली ताटली ठेवा. गळतीला दोष ठरवायला एक अट पुरी व्हावी लागते. तेल यंत्राच्या आत मुक्कामाला राहिले पाहिजे.

वाफेच्या यंत्रात मुक्कामाला तेल नव्हते, वाफ होती. आणि ती तेलाहून चुकार. दट्ट्याचा दांडा सिलिंडरच्या झाकणातून बाहेर येतो तिथे फट बुजवण्यासाठी स्टफिंग बॉक्स नावाची पेटी आली. दांड्याभोवती चरबीत भिजवलेल्या दोरीचे वेढे घालायचे आणि वरून ग्लँड नावाचे कडे नटांनी आवळायचे. सैल राहिले तर वाफ निसटते, जास्त आवळले तर दोरी जळते आणि दांडा चरे पडून खराब होतो. अचूक आवळणे हाताच्या अंदाजाने शिकावे लागे. आजही पाण्याच्या पंपात ‘ग्लँड दोरी’ घालतात, आणि जाणता माणूस ती पूर्ण कोरडी होईपर्यंत आवळत नाही. थेंब-थेंब पाणी चालू ठेवतो, कारण तोच थेंब दोरीला थंड ठेवतो. थोडी गळती राखून मोठी गळती टाळण्याचा हा विचार पुढे रबराच्या लिपपर्यंत टिकून राहिला, फक्त थेंब दिसेनासा झाला.

दुसरी कल्पना वाफेतून नव्हे, पाण्याच्या दाबातून आली. जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये इंग्लंडमध्ये हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले. तत्त्व साधे होते, अडचण एकच: दाब वाढला की दट्ट्याभोवतून पाणी उसळे, आणि दोरी आवळून थांबवावे तर दट्ट्याच अडके. त्यावरचा तोडगा त्याच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लेच्या नावावर सांगितला जातो. त्याने चामड्याला वाटीसारखा आकार दिला आणि तिचे तोंड दाबाच्या बाजूला ठेवले. दाब जितका वाढेल तितकी वाटीची कड दट्ट्याला अधिक घट्ट चिकटते. दाब उतरला की आपोआप सैल होते. आवळायला नट लागत नाही, माणूस लागत नाही. शत्रूच्याच जोरावर दार बंद करण्याची ही युक्ती ऑइल सीलची खरी पूर्वज आहे.

चामड्याची ही वाटी मराठी माणसाला सायकलच्या पंपातून माहीत आहे. पंप हवा धरेना की दांडा बाहेर काढायचा, वायसर, म्हणजे हीच वाटी, तेलात भिजवून मऊ करायचा, बोटाने त्याची कड जरा पसरवायची आणि पंप पुन्हा चालू. हातपंपांतही तीच वाटी होती. १९७० च्या दशकात तयार झालेल्या इंडिया मार्क २ या हातपंपाची वंशावळ सोलापूर पंपाकडे जाते, आणि त्याच्याही मागे जालन्याच्या मिशनने केलेला पंप आहे. मार्क २ च्या दट्ट्यावर सुरुवातीला चामड्याचे वायसर असत आणि ते बदलायला खोल बोअरमधून सगळा पाइप वर उपसावा लागे. पुढच्या मार्क ३ मध्ये वायसर नायट्राइल रबराचे झाले आणि पाइप जागेवर ठेवून दट्ट्या वर ओढता येईल अशी रचना केली गेली. गावच्या पंपाबाबत जे ओळखले गेले ते मोटारीच्या रचनाकारांनी क्वचितच ओळखले: बदलण्याची वस्तू किती टिकते याइतकेच तिच्यापर्यंत पोहोचायला किती खटाटोप पडतो यालाही महत्त्व आहे.

मोटारीत तेल मुक्कामाला आले ते १८९० च्या दशकात. पानार-लव्हासोर या फ्रेंच कंपनीच्या पहिल्या गाड्यांत गिअर उघडेच फिरत, धूळ खात. काही वर्षांनी त्यांना पेटीत बंद केले गेले. १८९८ मध्ये लुई रनोने साखळीऐवजी दांड्याने मागचा आस फिरवणारी छोटी गाडी केली. आता मागच्या आसातही गिअर आले, त्यांना बुडवून ठेवणारे तेल आले, आणि त्या तेलाला चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या कडेने बाहेर पडायची वाट मिळाली. मुंबईच्या रस्त्यावर मोटार अवतरली तीही याच १८९८ साली.

या वाटेवर पहिला पहारेकरी नमदा होता. नमद्याची जाड चकती दांड्याभोवती बसवून वर पत्र्याची टोपी दाबायची. दाट ग्रीस आणि काकवीसारखे तेल असेपर्यंत नमदा पुरे पडे. फोर्डच्या मॉडेल टी मध्ये मागच्या आसाच्या टोकाला अशीच नमद्याची चकती होती. १९०८ ते १९२७ या काळात या गाड्या दीड कोटीपर्यंत झाल्या आणि त्यांतल्या बऱ्याच अमेरिकन शेतकऱ्यांच्या घरी होत्या. तेल पाझरून चाकाच्या ड्रममध्ये उतरणे ही त्या गाडीची जुनी खोड. शेतकऱ्याला तिचे फारसे दडपण नव्हते. नांगर, गाडा, पवनचक्की हाताळणाऱ्या माणसाला नमद्याची चकती कापून बसवणे अवघड नव्हते. माल घरात होता, हत्यार घरात होते, आणि चाक काढले की जागा समोर दिसत होती. घरी दुरुस्ती करण्याची रीत कुणी शिकवून आलेली नाही. ज्यांच्या जवळपास कारखानाच नव्हता त्यांनी ती पाडली.

भारतात त्या काळी मोटार श्रीमंताची, आणि तिच्याखाली शिरणारा माणूस पगारी ड्रायव्हर किंवा मिस्त्री. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला; तरी सुटे भाग बोटीनेच येत. फट बुजवणारी चामड्याची चकती मात्र इथल्या कुठल्याही मोच्याला कापता येण्याजोगी होती.

वेग वाढले, तेल पातळ झाले, आणि नमद्याचे दिवस भरले. पॅकार्डने १९२६-२७ च्या सुमारास मागच्या आसात हायपॉइड जातीचे गिअर आणले. त्यांचे दात एकमेकांवर घसरत चालतात म्हणून गंधकयुक्त तेल लागू लागले. गिअर ऑइलला आजही जो उग्र वास येतो तो या गंधकाचा, आणि गळणारे तेल इंजिनाचे की गिअरबॉक्सचे हे ओळखायला नाक अजूनही पहिले साधन आहे.

नव्या सीलचे कारखाने निघाले ते यंत्रवाल्यांच्या घरात नव्हे, चामडेवाल्यांच्या. अमेरिकेत शिकागो रॉहाइड ही १८७८ पासून यंत्रांचे चामडी पट्टे करणारी कंपनी. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ती मोटारीसाठी चामड्याची सीले करू लागली. जर्मनीत वाइनहाइम गावी फ्रॉइडेनबर्ग यांची कातडी कमावण्याची पेढी १८४९ पासून होती. १९२९ च्या मंदीत चामड्याचा धंदा बसला तेव्हा तिने मोटारींसाठी चामडी सीले करायला घेतली. तिथल्या वाल्टर झिमर या अभियंत्याच्या नावावरून १९३२ मध्ये ‘झिमररिंग’ बाजारात आली: चामड्याची कड, तिला दांड्यावर दाबणारी गोल स्प्रिंग आणि हे सगळे धरून ठेवणारे धातूचे कडे. जर्मन बोलण्यात ऑइल सीलला अजूनही सर्रास झिमररिंग म्हणतात. कंपनी कुठलीही असो.

या बदलाचे मोल नीट पाहायला हवे. नमदा, दोरी किंवा चामड्याची चकती वापरणारा स्वतः कापत, भिजवत, आवळत होता. झिमररिंग आवळता येत नाही, कापता येत नाही, पसरवून पुन्हा वापरता येत नाही. दांड्यावर किती दाब द्यायचा हे स्प्रिंगने कारखान्यातच ठरवलेले असते. दुरुस्तीचे कौशल्य सीलमधून निघाले आणि सील काढण्या-बसवण्यात गेले. तरी चामड्याने एक काम मालकाकडे ठेवले होते: नवे सील कोरडे बसवायचे नाही, आधी कोमट तेलात मुरू द्यायचे. चामडे तेल पिते आणि दांडा जरा खडबडीत असला तरी सोसते, हा त्याचा गुण; तापले की आकसते आणि कडक होते, हा दोष.

रबर तोवर का आले नाही? गुडइयरने रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याचे पेटंट १८४४ मध्येच घेतले होते. पण झाडाच्या चिकाचे रबर खनिज तेलात फुगते आणि लिबलिबीत होते. तेल अडवायला ठेवलेलेच तेल पिऊन बसते. तेलाला न जुमानणारे रबर प्रयोगशाळेत करावे लागले. जर्मनीत इगे फार्बेन या रसायन कंपनीच्या रसायनज्ञांनी १९३० च्या सुमारास नायट्राइल रबर तयार केले, आणि १९३६ मध्ये फ्रॉइडेनबर्ग यांची झिमररिंग कृत्रिम रबराची झाली. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे, ट्रक आणि विमाने यांनी हे रबर सगळीकडे नेले. चामडे १९५० च्या दशकापर्यंत रेंगाळले, मग हटले. अधिक उष्णतेसाठी १९५७ मध्ये ड्यू पाँटने व्हायटन आणले. इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर आज बहुधा त्याच जातीचे रबर असते. ड्राइव्हशाफ्टला मात्र साधे नायट्राइल पुष्कळदा पुरते, आणि त्याचे कारण हिशेबात आहे. लहान गाडीच्या चाकाचा घेर १.६ मीटर धरला तर ताशी ८० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेते. ३५ मिलिमीटर जाडीच्या दांड्यावर लिप सेकंदाला जेमतेम दीड मीटर घासली जाते. मात्र एक लाख किलोमीटरच्या प्रवासात फेरे होतात सव्वासहा कोटी, आणि लिप दांड्यावर जवळपास ६,९०० किलोमीटर घासलेली असते. नखाएवढ्या रुंदीचीही नसलेली ही कडा एवढे सोसते, हेच नवल.

ती का सोसते, हे सील बाजारात येऊन वीस-पंचवीस वर्षे झाली तरी नीट कळले नव्हते. रबर दांड्याला घट्ट चिकटते म्हणून तेल अडते, असाच समज होता. १९५७ मध्ये ब्रिटनमध्ये ई. टी. जॅगर यांनी दाखवून दिले की लिप दांड्यावर कोरडी टेकतच नाही. मध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो आणि हवेच्या बाजूला तो पृष्ठताणामुळे अडून राहतो. म्हणजे उत्तम सीलमध्येही तेल फटीत असतेच, फक्त बाहेर येत नाही. पुढच्या संशोधनाने आणखी एक गोष्ट उलगडली. लिपच्या दोन बाजूंचे उतार सारखे नसतात. तेलाकडचा उभा, सुमारे ४५ अंशांचा, आणि हवेकडचा निजलेला, सुमारे २५ अंशांचा. या फरकामुळे फिरता दांडा फटीतले तेल सतत आतल्या बाजूला ढकलत राहतो. तेच सील उलटे बसवले तर ते तेल बाहेर उपसू लागते; गळतीची तक्रार मग पहिल्या दिवसापासूनच सुरू होते.

हाच ढकलण्याचा गुण पूर्वीच्या अभियंत्यांनी रबराशिवाय वापरला होता. अँबॅसडरच्या १,४८९ सीसी पेट्रोल इंजिनात क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला सील नव्हतेच. दांड्यावर उलट्या आट्यांची खाच कोरलेली होती आणि ती फिरता फिरता तेल परत आत सारी. इंजिन बंद असताना मात्र सारणारे कोणी नसे, म्हणून गाडी चढावर उभी करून ठेवली की खाली थेंब. पुढे सीलच्या लिपवरही अशाच तिरक्या बारीक रेघा आल्या आणि त्यांच्याबरोबर बाण आला. डावा दांडा आणि उजवा दांडा गिअरबॉक्सकडून पाहिले तर विरुद्ध दिशांनी फिरतात, म्हणून अशी सीले डावी-उजवी वेगळी असतात. घरी काम करणाऱ्याची सगळ्यात स्वस्तात होणारी चूक म्हणजे त्यांची अदलाबदल.

आता दांड्याकडे. चाके वळवायची आणि फिरवायचीही, ही पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीची मूळ अडचण. त्यासाठी वाकूनही एकसारखा फिरणारा सांधा, म्हणजे सीव्ही जॉइंट, लागतो. १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये ग्रेगवार आणि फनाय यांचा ट्रॅक्टा जॉइंट आला, अमेरिकेत आल्फ्रेड झेप्पा यांचा गोळ्यांचा जॉइंट आला. १९३४ मध्ये सित्रोएनने ट्रॅक्सियाँ आव्हाँ ही अशी गाडी मोठ्या संख्येने केली. महायुद्धातल्या जीपच्या पुढच्या आसातही हे जॉइंट होते. त्यांना झाकणाऱ्या गोल लोखंडी गाठीभोवती मात्र नमद्याच्या पट्ट्याच होत्या, आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत जोडल्या जाऊ लागलेल्या महिंद्रच्या जीपबरोबर नमद्याची ती जुनी विद्या इथे पुन्हा चालू राहिली.

आजच्या गाडीचा साचा मात्र दोन टप्प्यांत पडला. १९५९ च्या मिनीत ॲलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवे ठेवले आणि गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली, त्याच तेलात बुडवला. दांड्याचे सील गळले की इंजिनाचेच तेल कमी होई. १९६४ मध्ये इटलीत दान्ते जाकोसा यांनी आउतोबियांकी प्रिमुला या गाडीत गिअरबॉक्स इंजिनाच्या शेजारी बसवला, त्याचे तेल वेगळे केले आणि चाकांपर्यंत एक आखूड व एक लांब असे दोन दांडे नेले. १९६९ च्या फिॲट १२८ ने हीच मांडणी रूढ केली आणि जगातल्या बहुतेक लहान गाड्यांनी ती उचलली. सीलच्या दृष्टीने ही मांडणी कठोर आहे. चाक खाली-वर होते, दांडा तिरका होतो, आतला जॉइंट मागे-पुढे सरकतो. हे सगळे सील शेजारी बसून सोसते. त्यात दांड्याच्या टोकाला धारदार खाचा असतात आणि ते टोक लिपमधूनच आत घालावे लागते. म्हणून पुष्कळ सीले झिजून मरत नाहीत. दुसऱ्याच कामासाठी दांडा काढताना ती चिरली जातात.

हे काम घरी करण्याची रीत ब्रिटनमध्ये ज्या पुस्तकांनी पक्की केली त्यांत हेन्सची पुस्तके आघाडीवर. जॉन हेन्स हवाई दलात एडनला असताना सहकाऱ्याच्या ऑस्टिन-हीली स्प्राइटची दुरुस्ती करून तिच्या एकेका पायरीचे फोटो काढत गेले, आणि त्यातून १९६६ मध्ये पहिले हेन्स मॅन्युअल निघाले. गाडी खरोखर नट-नट सुटी करून, पुन्हा जोडून लिहायचे, ही त्या मालिकेची शिस्त. अमेरिकेत १९६९ मध्ये जॉन म्यूर यांनी फोक्सवॅगन बीटलवर लिहिलेले पुस्तक यंत्राला बिचकणाऱ्या माणसासाठी होते. या रीतीमागे छंद थोडा आणि हिशेब अधिक होता. कारखान्यात मजुरी तासावर लागते. एवढ्या स्वस्त कडीसाठी तीन तासांची मजुरी मोजणे कोणालाच आवडत नाही.

त्या पुस्तकांतून आणि कारखान्यांच्या नियमावल्यांतून घडलेली कामाची पद्धत गेल्या पन्नास वर्षांत फारशी बदललेली नाही. आधी गळती खरोखर सीलचीच आहे ना हे ठरवतात: गिअर ऑइलचा वास उग्र, सीव्ही जॉइंटचा बूट, म्हणजे त्यावरचे रबरी आवरण, फाटला असेल तर बाहेर येते ते काळे ग्रीस, आणि ब्रेक ऑइल पाण्यासारखे पातळ. गिअरबॉक्सचा ब्रीदर, म्हणजे हवा जाण्याचे छिद्र, तपासले नाही तर सगळा खटाटोप वाया जाऊ शकतो. ते चिखलाने बुजले की आत दाब साठतो आणि नवे सीलही गळते. तेल काढण्याआधी भरण्याचे बूच सुटते का हे बघायचे, हा नियम अनुभवातून आला आहे. खालचे बूच उघडून तेल सांडले आणि वरचे गंजून बसलेले निघाले, तर गाडी दारातच अडकते.

हबचा मोठा नट चाक जमिनीवर असतानाच सैल करतात, कारण त्याला अंगाचा भार देऊन पाना दाबावा लागतो. मग जॅक, आणि जॅकवर विसंबून न राहता पक्के स्टँड. खालचा बॉल जॉइंट सुटला की हब बाहेर झुकवता येतो आणि दांड्याचे बाहेरचे टोक निघते. आतले टोक पुष्कळ गाड्यांत एका सर्क्लिपने, म्हणजे खाचेत बसणाऱ्या तारेच्या कडीने, डिफरन्शियलच्या गिअरमध्ये अडकलेले असते. दोन टॉम्या समोरासमोर लावून नेमका हिसका द्यावा लागतो. दांडा ओढून काढणे धोक्याचे, जॉइंट आतल्या आत सुटतो. फोक्सवॅगनच्या काही गाड्यांत आतला जॉइंट बोल्टांनी फ्लँजला जोडलेला असतो, तिथे हे टळते. दोन्ही दांडे एकदम काढले तर काही गिअरबॉक्समध्ये आतले गिअर फिरून जागा सोडतात. म्हणून एका बाजूला जुन्या दांड्याचा तुकडा किंवा लाकडी खुंटी घालून ठेवण्याची युक्ती निघाली.

जुने सील हुक किंवा स्क्रू ड्रायव्हरने उपटताना पेटीच्या भोकाला ओरखडा पडू द्यायचा नाही, कारण नव्या सीलचे बाहेरचे अंग तिथेच बसते. नवे सील सरळ बसले पाहिजे. त्याच्या बाहेरच्या व्यासाचा मोठा सॉकेट, पाइपचा तुकडा किंवा जुनेच सील पालथे घालून त्यावर हळूहळू ठोकतात. हातोडीचा घाव एका बाजूला पडला की पाठीमागची स्प्रिंग उडते, आणि ती उडाल्याचे बाहेरून कळत नाही. लिपला ग्रीस लावतात, दांड्याच्या खाचांवर टेप गुंडाळतात. दांड्यावर जुन्या लिपने खाच पाडली असेल तर नवे सील एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवून लिपला कोरा भाग देतात. खाच खोल असेल तर दांड्यावर अगदी पातळ स्टीलची नळी चढवतात. अशा नळ्या शिकागो रॉहाइडनेच नावारूपाला आणल्या.

भारतात हे सगळे वेगळ्या वळणाने आले. अँबॅसडर आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फिॲट, पुढची पद्मिनी, या मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्या. त्यांत सील गळले तर तेल मागच्या ड्रममध्ये उतरे आणि ब्रेकचे लायनर भिजे. काम मागचा हब ओढून काढण्याचे, आणि ते मुंबईतल्या टॅक्सीवाल्यांच्या मिस्त्रीला पाठ होते. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० च्या पहिल्या किल्ल्या दिल्या गेल्या आणि पुढची चाके ओढणारी, आडव्या इंजिनाची गाडी घराघरांत पोहोचू लागली. १९९८ मध्ये पुण्यात घडलेली टाटा इंडिकाही याच मांडणीची. रस्त्याकडेच्या गॅरेजांना दांडा, बूट, सीव्ही जॉइंट आणि त्याचे सील ही नवी विद्या तेव्हा शिकावी लागली, आणि ती पुस्तकातून फारशी आली नाही. उस्तादाकडून पोऱ्याकडे गेली. ‘घरी’ हा शब्द इथे थोडा ताणावा लागतो. गाडीमालक स्वतः खाली शिरला असे क्वचित. गाडी घरासमोर, झाडाखाली उभी, मिस्त्री फाटक्या पोत्यावर आडवा आणि मालक शेजारी उभा, हे चित्र अधिक खरे. मजुरी स्वस्त होती तोवर हेन्ससारख्या पुस्तकाची इथे गरजच पडली नाही.

सीलची खरेदीही इथे आपल्या वळणाने चालते. मुंबईची नागदेवी स्ट्रीट किंवा पुण्याची नाना पेठ इथल्या दुकानात गाडीचे नाव न सांगताही सील मिळते. जुने काउंटरवर ठेवायचे, दुकानदार व्हर्नियर लावतो आणि आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी असे तीन आकडे वाचून दाखवतो. ३५–५०–८ म्हटले की काम भागते. आकड्यांची ही पद्धत बहुतेक ठिकाणी सारखीच असल्याने पंपाचे सील जीपला आणि ट्रॅक्टरचे सील मोटारीला बसल्याची उदाहरणे गॅरेजांत ऐकू येतात. त्यात एक खाच मात्र आहे: आकडे रबराची जात सांगत नाहीत, आणि बाण कुठल्या दिशेचा आहे हेही सांगत नाहीत.

विजेच्या मोटारीत इंजिन गेले, क्रँकशाफ्टची सीले गेली, बहुतेक गाड्यांत गिअर बदलणेही गेले. मोटरचा वेग चाकाच्या वेगापर्यंत उतरवणारी गिअरची छोटी पेटी मात्र राहिली. तिच्यात तेल आहे, आणि तिच्यातून दोन दांडे बाहेर येतात. मोटरकडच्या दांड्याचे फेरे मिनिटाला पंधरा हजारांच्या वर जाऊ शकतात, म्हणून तिथल्या सीलसाठी कमी घर्षणाची लिप आणि नवी रबरे वापरात येत आहेत. चाकाकडच्या दांड्याचा वेग पूर्वीइतकाच आहे, आणि त्याच्या सीलची घडण ओळखीचीच: पत्र्याचे कडे, रबराची लिप, टोकाला टोक जोडलेली स्प्रिंग. ते बदलायला हबचा नट अजूनही चाक जमिनीवर असतानाच सैल करावा लागतो.